नवोदित महिला कलाकारांसाठी स्टुडिओ रेसिडेन्सी आणि अनुदान: अर्ज करण्यापासून अहवाल देण्यापर्यंत

रेसिडेन्सी म्हणजे ठरावीक काळ एखाद्या संस्थेत राहून स्वतःचं काम करण्याची सोय. तिची जाहिरात दिसली की बहुतेक जणी आधी अंतिम तारीख बघतात आणि लगेच पोर्टफोलिओच्या मागे लागतात. त्याआधी अर्धा तास काढा आणि एका कागदावर लिहा: येत्या वर्षभरात माझ्या कामाला नेमकं काय हवंय? "प्रोत्साहन हवंय", "संधी हवीय" असं नको. "माझ्याकडचं छपाईचं प्रेस लहान आहे, मोठ्या आकाराच्या प्लेट्स काढायच्यात." "दार लावून सलग सहा आठवडे हवेत." "भट्टी हवीय." "कामावर स्पष्ट बोलणारी माणसं हवीत." "घरीच काम करायचंय, पण चार महिने शिकवण्या थांबवता आल्या पाहिजेत."

यातल्या प्रत्येक गरजेचं उत्तर वेगळं आहे. प्रेस, कागदनिर्मिती किंवा सिरॅमिकची सोय हवी असेल तर कार्यशाळा असलेली रेसिडेन्सी शोधावी लागते. न्यूयॉर्क राज्यातलं विमेन्स स्टुडिओ वर्कशॉप 1974 पासून नेमकं हेच काम करतंय. सोबत आणि चर्चा हवी असेल तर अमेरिकेतल्या स्कोहीगनसारखं नऊ आठवड्यांचं उन्हाळी सत्र किंवा अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीची दोन वर्षं. आणि शेवटची गरज असेल, तर रेसिडेन्सी नकोच, रोख अनुदान हवं. गरज न ठरवता पाठवलेले अर्ज ओळखू येतात. त्यात संस्थेचं नाव बदललं तरी बाकी मजकुराला काहीच फरक पडत नाही.

"मोफत" म्हणजे किती मोफत?

रेसिडेन्सीचे ढोबळ चार प्रकार असतात. राहणं, स्टुडिओ, प्रवास आणि वर दरमहा स्टायपेंड, म्हणजे खर्चासाठी ठरावीक रक्कम, देणाऱ्या. राहणं आणि स्टुडिओ देणाऱ्या, पण प्रवास, जेवण, साहित्य तुमचं. शुल्क घेणाऱ्या. आणि बदल्यात काम मागणाऱ्या, म्हणजे कार्यशाळा घ्या, शाळेत शिकवा, भिंत रंगवा. शुल्क घेणारी प्रत्येक संस्था वाईट नसते. कित्येक चांगल्या जागा भाड्यावरच चालतात. पण निवड प्रक्रिया जुजबी, "स्वीकृती" दोन दिवसांत आणि लगेच पैसे भरायची घाई, असं दिसलं तर ती खोली भाड्याने देण्याची जाहिरात समजा.

खरा हिशोब घरून निघून घरी परत येईपर्यंतचा करायचा. दोन महिन्यांच्या रेसिडेन्सीचा नमुना घेऊ. चलन बाजूला ठेवून नुसते आकडे. घरचं भाडं आणि हप्ते, जे तुम्ही नसतानाही चालूच राहतात: 80. प्रवास, व्हिसा, विमा: 50. साहित्य: 40. मुलांची किंवा घरातल्या वयस्करांची देखभाल: 60. तिथलं जेवण: 30. एकूण 260. स्टायपेंड मिळणार 120. म्हणजे 140 ची तूट. इथे एक चूक हमखास होते. बुडालेलं उत्पन्न खर्चात पुन्हा मिळवलं जातं. त्या उत्पन्नातून तुम्ही भाडं आणि हप्तेच भरत होतात, ते वर धरलेच आहेत. दोनदा धरलं की तूट आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि चांगली संधी उगाच सोडली जाते. याउलट देखभालीचा आकडा बहुतेक जणी लिहीतच नाहीत, "आई बघेल" म्हणून सोडून देतात. तो लिहा. त्याची सोय करण्यातच तयारीचा निम्मा वेळ जातो.

या 140 साठी वेगळं प्रवास अनुदान किंवा साहित्य अनुदान मिळतं का ते पाहा. रेसिडेन्सीचं स्वीकृतिपत्र हातात असलं की असा अर्ज भक्कम होतो. पण दोन्हींच्या तारखा जुळाव्या लागतात, म्हणून रेसिडेन्सीच्या आठ ते बारा महिने आधीपासून कामाला लागायचं.

शोध आणि पात्रता

रेस आर्टिस हे 1993 मध्ये सुरू झालेलं रेसिडेन्सींचं जागतिक जाळं आणि नेदरलँड्सचं ट्रान्सआर्टिस्ट्स, या दोन वेबसाइटपासून सुरुवात करा. देश, माध्यम आणि कालावधीनुसार चाळणी लावता येते. सापडलेल्या प्रत्येक संस्थेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या निवडलेल्या कलाकारांचं काम बघा. तुमच्यासारखं काम तिथे एकही नसेल, तर तुम्ही वेगळ्या उठून दिसाल असं नाही. बहुधा ती जागा तुमची नाही.

केवळ महिलांसाठीच्या योजना कमी आहेत, पण भक्कम आहेत. मॅक्स मारा आर्ट प्राइज फॉर विमेन 2005 मध्ये सुरू झालं. त्यातली विजेती सहा महिने इटलीत राहून नवं काम करते. न्यूयॉर्कची ए.आय.आर. गॅलरी 1972 मध्ये महिला कलाकारांनीच सहकारी तत्त्वावर उभी केली. तिच्या फेलोशिपमध्ये एकल प्रदर्शन मिळतं. 1996 पासून दिलं जाणारं अ‍ॅनॉनिमस वॉज अ वुमन हे अनुदान अमेरिकेतल्या चाळिशी ओलांडलेल्या महिला कलाकारांसाठी आहे. "आता उशीर झाला" असं वाटणारीने ही वयाची अट लक्षात ठेवावी.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या दोन योजना नवोदितांनी समजून घ्याव्यात, कारण त्यांच्या अटी अगदी वेगळ्या आहेत. कॅनडातलं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन 1955 पासून सुरुवातीच्या टप्प्यातल्या कलाकारांना मदत करतं, कोणत्याही देशातून अर्ज करता येतो. पण काम आकारनिष्ठ, वास्तवाशी नातं सांगणारं हवं. अमूर्त काम पाठवलं तर कितीही चांगलं असलं तरी बाद. पोलॉक-क्रॅसनर फाउंडेशन चित्रकर्ती ली क्रॅसनर यांच्या मृत्युपत्रातून 1985 मध्ये उभं राहिलं. चित्र, शिल्प, कागदावरचं काम आणि मुद्राचित्रण त्यांना चालतं. व्हिडिओ किंवा परफॉर्मन्स चालत नाही. शिवाय आर्थिक गरज आणि व्यावसायिक कामाची नोंद, दोन्ही दाखवावी लागतात. एकही प्रदर्शन झालेलं नसेल तर इथे अर्ज करायची घाई नको.

"नवोदित" या शब्दाची व्याख्या प्रत्येक संस्था वेगळी करते. कुणी वय मोजतं, कुणी शिक्षण संपून किती वर्षं झाली ते, कुणी एकल प्रदर्शनं किती ते. बाळंतपण किंवा आजारपणामुळे मध्ये खंड पडला असेल आणि मर्यादा वर्षांत दिली असेल, तर ईमेल करून थेट विचारा: "माझी 3 वर्षं कामाबाहेर गेली, ती वगळून मोजता येतील का?" काही संस्था ही वर्षं वगळतात, पण जाहिरातीत लिहीत नाहीत. विचारल्याने अर्जाला धक्का लागत नाही. हा ईमेल कार्यालय वाचतं, निवड समितीपर्यंत तो सहसा जातच नाही.

पोर्टफोलिओ: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

पहिल्या फेरीत समितीसमोर शेकडो अर्ज असतात. तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात, आणि ती प्रतिमांवर जातात. मजकूर बहुधा नंतर वाचला जातो.

साधारण 10 ते 20 प्रतिमा मागतात. मर्यादा 20 ची असली आणि भक्कम कामं 12 च असली तर 12 च पाठवा. क्रम तारखेनुसार लावायची गरज नाही. पहिल्या तीन आणि शेवटच्या प्रतिमेवर विचार करा. पहिल्या तिन्हींतून तुमचं काम काय आहे ते कळलं पाहिजे. मागच्या तीनेक वर्षांतलंच काम घ्या. कॉलेजातलं जुनं चांगलं चित्र घुसवायचा मोह होतो. त्याने आत्ताचं काम विस्कळीत दिसतं.

फोटो काढताना बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. चित्राची कड वाकडी येते, कारण फोन जवळ धरलेला असतो आणि त्याची रुंद लेन्स कडा ताणते. दोन-तीन मीटर मागे जा, दुप्पट झूम करा, फोन किंवा कॅमेरा स्टँडवर लावा आणि त्याचा मध्य चित्राच्या मध्याशी जुळवा. एका बाजूला हिरवट-पिवळी छटा येते, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आलेत. एकच प्रकारचा प्रकाश ठेवा: सारखे दोन दिवे, चित्राच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांत, सारख्या अंतरावर. तैलरंगावर चकाकी येत असेल तर दिवे आणखी बाजूला सरकवा. एका फोटोत चित्राशेजारी राखाडी कार्ड ठेवा, म्हणजे रंग नंतर अंदाजाने सुधारावे लागत नाहीत. तपशिलाचे क्लोजअप दोन-तीन पुरेत. मोठं काम असेल तर एक फोटो असा हवा ज्यात शेजारी माणूस किंवा दार दिसतं. नाहीतर तीन मीटरचं कापड रुमालाएवढं वाटतं.

फाइलचा आकार जाहिरातीत सांगितला नसेल तर लांब बाजू 1920 पिक्सेल, जेपेग, एसआरजीबी रंगप्रणाली. नावात देवनागरी अक्षरं आणि मोकळी जागा टाळा. अर्ज घेणाऱ्या कित्येक प्रणाली ती बिघडवतात आणि समितीला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच वापरा, सुरुवातीला 01, 02 असा क्रमांक. नुसतं 1, 2 लिहिलंत तर 10 वी प्रतिमा 2 च्या आधी जाऊन बसते. ओळीत शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप सेंटिमीटरमध्ये: आधी उंची, मग रुंदी, मग खोली. व्हिडिओ असेल तर तीन मिनिटांचा संपादित तुकडा द्या आणि लिंक ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून बघा. तुमच्या स्वतःच्या खात्यातून ती नेहमीच उघडते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

निवेदन आणि प्रस्ताव

आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणजे काम काय आहे आणि ते कसं घडतं. "माझं काम स्मृती, ओळख आणि स्त्रीत्व यांचा शोध घेतं" हे वाक्य समितीने त्या दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं वाचा: "वापरून जीर्ण झालेल्या चादरींवर मी गंजाचे ठसे घेते. ओल्या कापडात खिळे आणि साखळ्या दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवल्या की गंज धाग्यात उतरतो. ठसा कुठे पडेल ते मी ठरवते; किती पसरेल ते माझ्या हातात नसतं." इथे वाचणाऱ्याला कापड दिसतं, आणि स्मृतीबद्दल जे म्हणायचं ते तो स्वतःच म्हणतो. दीडशे ते तीनशे शब्द पुरतात.

प्रस्तावात चार गोष्टी हव्यात: काय करणार, इथेच का, किती दिवसांत काय, आणि अडलं तर काय. याच चादरीवालीचा सहा आठवड्यांचा प्रस्ताव घ्या. तिला आतापर्यंत खोलीच्या मापामुळे एक-दीड मीटरच्या पुढे जाता आलं नाही. तिथला स्टुडिओ मोठा आहे, म्हणून चार मीटर लांबीचे तीन तुकडे. पहिला आठवडा पाणी आणि कापडाच्या चाचण्या, कारण वेगळ्या ठिकाणच्या पाण्यात गंज वेगळा उतरतो. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तीन तुकडे, वाळायला प्रत्येकी पाच दिवस धरून. सहावा आठवडा मांडणी, फोटो, ओपन स्टुडिओ (म्हणजे लोकांना स्टुडिओत बोलावून काम दाखवणं). दमट हवेत कापड वाळलं नाही तर तिसरा तुकडा लहान करणार. सोबत एक ओळ: मोठं सिंक, डाग पडले तरी चालेल अशी फरशी आणि छताला दोरी बांधायला हुक लागतील. ही शेवटची ओळ समितीला सांगते की ही बाई काम करायला येतेय.

"चार आठवड्यांत तीस चित्रं" असं लिहू नका. अनुभवी माणसाला ते लगेच अशक्य वाटतं आणि बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

शिफारसपत्र अशा व्यक्तीकडून घ्या जिने तुम्हाला काम करताना पाहिलंय. मोठं नाव असलेल्या पण तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या माणसाचं तीन ओळींचं पत्र नुकसानच करतं. किमान तीन आठवडे आधी विचारा, प्रस्ताव आणि पाच प्रतिमा सोबत पाठवा, आणि अंतिम तारखेच्या चार दिवस आधी एक आठवण.

बजेट आणि पैसा हातात कसा येतो

प्रस्तावातल्या प्रत्येक वस्तूची बजेटमध्ये ओळ हवी, आणि बजेटमधल्या प्रत्येक ओळीचा प्रस्तावात उल्लेख हवा. प्रस्तावात प्रोजेक्टर नाही आणि बजेटमध्ये आहे, असं झालं की शंका येते. स्वतःचं मानधन लिहा. नवोदित मुली इथे संकोचाने शून्य टाकतात. परवानगी असलेल्या अनुदानात शून्य लिहिलं तर बजेट कच्चं दिसतं. मुलांच्या देखभालीची ओळ चालते का ते विचारा. किरकोळ म्हणून 10 टक्के ठेवा. बँकेचं परदेशी हस्तांतर शुल्क आणि चलनदरातला फरक धरा.

मग विचारा: पैसे कधी येतात? काही ठिकाणी सगळे आधी, काही ठिकाणी हप्त्यांत, शेवटचा हप्ता अहवालानंतर. काही ठिकाणी आधी तुम्ही खर्च करायचा आणि पावत्यांवर परतावा. परताव्याची पद्धत असेल तर तेवढी रक्कम आधी तुमच्याकडे असायला हवी, नाहीतर मंजूर झालेलं अनुदानही वापरता येत नाही. त्यावर कर लागतो का, हे करसल्लागाराला मंजुरीनंतर लगेच विचारा.

नावाचं प्रकरण विशेषतः बायकांना छळतं. पासपोर्टवर एक आडनाव, बँकेत दुसरं, प्रदर्शनांच्या कॅटलॉगमध्ये तिसरं. अनुदान कॅटलॉगमधल्या नावाने निघतं आणि बँक ते परत पाठवते. अर्जातच कायदेशीर नाव आणि कलाकार म्हणून वापरायचं नाव वेगवेगळं लिहा. आणि खातं फक्त तुमच्या नावाचं ठेवा. संयुक्त खात्यात आलेलं साहित्याचं अनुदान घरखर्चात कधी मिसळलं ते कळत नाही, आणि अहवाल देताना पंचाईत होते.

हो म्हणण्याआधी विचारायचं

स्वीकृतीचा आनंद असतो, प्रश्न विचारायचा धीर होत नाही. तरी विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. खोलीला आतून कुलूप आहे का? किल्ल्या आणखी कुणाकडे असतात? स्टुडिओ आणि राहण्याची जागा यांच्यात रात्री किती चालावं लागतं, वाटेत दिवे आहेत का? गैरवर्तनाची तक्रार कुणाकडे करायची, आणि ती व्यक्ती संचालक सोडून दुसरी कुणी आहे का? आधी राहून गेलेल्या दोन बायकांशी स्वतः बोला. संस्थेने दिलेल्या नावांबरोबर एक नाव तुम्ही शोधलेलं असू द्या.

मूल सोबत आणता येतं का, मुक्काम दोन भागांत विभागता येतो का, गरोदरपणामुळे पुढच्या वर्षी ढकलता येतं का, हेही याच टप्प्यावर विचारा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर सॉल्व्हंटची वाफ, शिशाचे रंग आणि रंगद्रव्यांची कोरडी भुकटी टाळायला हवी, त्यामुळे सामायिक स्टुडिओत इतर जण काय वापरतात आणि हवा खेळती आहे का ते महत्त्वाचं. घर सोडणं शक्यच नसेल तर लेन्का क्लेटन या कलाकर्तीने 2012 मध्ये सुरू केलेली आर्टिस्ट रेसिडेन्सी इन मदरहूड बघा: मातृत्वाच्याच काळात, घरात राहून, स्वतःच मुदत आणि नियम ठरवून करायची रेसिडेन्सी. पैसे मिळत नाहीत, पण सीव्हीत एक नाव आणि एक चौकट मिळते.

करारात पाहायचं: तिथे केलेलं काम कुणाचं, एखादं काम संस्थेला द्यावं लागतं का आणि ते कुणी निवडायचं, फोटो कुठे वापरणार, तुम्ही मध्येच परतलात तर स्टायपेंडचं काय. "एक काम संस्थेच्या संग्रहासाठी" ही अट चालण्यासारखी आहे. "सर्व काम" ही नाही.

निघताना

टर्पेंटाइन आणि इतर ज्वलनशील सॉल्व्हंट विमानात चालत नाहीत, ते तिथेच घ्या. तैलरंगाच्या ट्यूब सहसा चालतात, पण सामानावर नुसतं "पेंट" लिहिलं की अडकतात. उत्पादकाची सेफ्टी डेटा शीट छापून ट्यूबसोबत ठेवा, त्यात पेटण्याचं तापमान दिलेलं असतं. कच्च्या लाकडाच्या खोक्यातून काम सीमेपार पाठवायचं तर लाकडावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का लागतो. काम प्रदर्शनापुरतं नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट या तात्पुरत्या आयातीच्या कागदपत्राची चौकशी करा, त्यामुळे आयात शुल्क भरावं लागत नाही. युरोपातल्या शेंगेन भागात अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तीन महिन्यांची रेसिडेन्सी आणि आधी-नंतरची भटकंती एकत्र केली की मर्यादा ओलांडते. स्टायपेंडला त्या देशात "काम" समजतात का, हे निमंत्रणपत्र मागतानाच विचारा.

तिथे असताना आणि नंतर

पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. दुकानातल्या थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते आणि अहवालाच्या वेळी हातात कोरी पट्टी उरते. कामांचे फोटो बांधाबांध करण्याआधी, चांगल्या प्रकाशात. पाठवणीत काही फाटलं तर विम्याला हेच लागतात. योजना बदलली तर संस्थेला तेव्हाच दोन ओळी लिहा. बदलाला सहसा हरकत नसते. बदल अहवालात पहिल्यांदा कळला की मात्र शेवटचा हप्ता लांबतो.

नकार आला तर अभिप्राय मिळेल का ते एकदाच, थोडक्यात विचारा. प्रत्येक अर्जाची एका तक्त्यात नोंद ठेवा: संस्था, तारीख, पाठवलेल्या प्रतिमा, निकाल, शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचला का. समिती बऱ्याच ठिकाणी दर फेरीला बदलते, त्यामुळे त्याच जागी पुन्हा अर्ज करायला काहीच हरकत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत गेलेला अर्ज फार बदलू नका, नवं काम तेवढं घाला. पहिल्याच फेरीत दोन-तीन ठिकाणी बाद झाला असेल तर मजकुराला हात लावण्याआधी पहिल्या तीन प्रतिमा बदला.